आर्याची वही : आवडत्या गायिकेची टीव्हीवरची कारकीर्द घरच्या घरी कशी नोंदवावी

आमच्या घरातलं एक भांडण पंधरा वर्षांहून जुनं आहे. आई म्हणते, टीव्हीवरच्या लिटिल चॅम्प्स या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत आर्या आंबेकर पहिली आली. मी म्हणते, कार्तिकी गायकवाड. आई म्हणते, "काहून? मी माह्या डोळ्यानं पाह्यलं ना." पाहिलं होतं हे खरंच. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी, समोरच्या खोलीत, मी तिच्या बाजूलाच बसले होते. फेब्रुवारी २००९ मधल्या त्या रात्री निकाल लागल्यावर आई एक शब्द न बोलता उठली आणि दुधाला विरजण लावायला स्वयंपाकघरात गेली. नेमकं तेवढंच तिला आठवत नाही.

या भांडणातून माझी वही निघाली. तुमच्या घरीही असा एखादा गाणारा माणूस असेल, म्हणजे टीव्हीतून घरात येऊन कायमचा राहिलेला. त्याची टीव्हीवरची सगळी वाटचाल एका जागी लिहून काढायची असेल तर कसं करायचं, ते सांगते. मी काही संशोधक नाही. तीस वर्षं शाळेत क्लार्क होते, जनरल रजिस्टर आणि दाखले हेच माझं काम. पण या कामाला तीच शिस्त लागते, हे मला दोन वह्या वाया गेल्यावर समजलं.

पहिली वही मी भक्तासारखी लिहिली होती. "काय गायली!" "अंगावर काटा आला." चार महिन्यांनी उघडली तर कोणत्या गाण्याला काटा आला, कोणत्या दिवशी, काही पत्ता नाही. दुसरी वही भाच्याच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर केली आणि कॉम्प्युटर बिघडला तशी तीही गेली. तिसरी मात्र इतवारीतून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या दोनशे पानी रजिस्टरात आहे, आणि तीच टिकली.

आधी वहीची हद्द ठरवा. हे केलं नाही तर तुम्ही महिन्याभरात थकाल. टीव्हीवरची कारकीर्द म्हणजे काय काय? स्पर्धेत गाणं, पाहुणी म्हणून येणं, परीक्षक म्हणून बसणं, मालिकेचं शीर्षकगीत, पुरस्कार सोहळ्यातलं गाणं, दिवाळीचा खास कार्यक्रम. हे सगळं माझ्या वहीत येतं. सभागृहातली मैफल येत नाही, सिनेमा येत नाही. त्यासाठी शेवटची दहा पानं "इतर" म्हणून ठेवली आहेत. जानेवारी २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते' या सिनेमात आर्या नायिका म्हणून आली, ते तिथे लिहिलं. यावर भाचा वाद घालतो की मावशी, तो सिनेमा नंतर टीव्हीवर लागला की, मग मोजायला नको का? मी मोजत नाही. सिनेमा टीव्हीवर लागणं ही सिनेमाची कारकीर्द. तुम्ही वेगळं ठरवा, पण एकदा ठरवलं की पहिल्या पानावर लिहून ठेवा. मधेच नियम बदलला की रजिस्टरचा बाजार होतो.

दुसरं पान जन्मतारखेचं. शाळेत कोणत्याही मुलाची नोंद जन्मतारखेपासूनच सुरू होते, आणि तिचा इथेही फार उपयोग होतो. आर्याचा जन्म १६ जून १९९४ चा, आणि तो नागपूरचा. वाढली पुण्यात. आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका, त्याच तिच्या पहिल्या गुरू. माझी आई "आपल्या नागपूरची पोरगी" असं म्हणते तेव्हा ती निम्मी बरोबर असते, म्हणून वहीत जन्माचं गाव आणि वाढीचं गाव असे दोन वेगळे रकाने आहेत. जन्मतारीख हाताशी असली की प्रत्येक नोंदीसमोर वय काढता येतं. अंतिम फेरीच्या वेळी ती साडेचौदा वर्षांची होती. नववीतली मुलगी म्हणा. हे वय लिहिल्यावर जुनं गाणं मला वेगळंच ऐकू येऊ लागलं. माझ्या ऑफिसच्या खिडकीसमोर बोनाफाइडसाठी उभ्या राहणाऱ्या मुली त्याच वयाच्या असत.

आता रकाने. डावीकडच्या पानावर नोंदी, उजवं पान कोरं. उजवं पान दुरुस्तीसाठी आहे आणि ते भरतंच. डाव्या पानावर तारीख, वाहिनी, कार्यक्रम, ती कोणत्या नात्याने आली (स्पर्धक, पाहुणी, परीक्षक), गाणं, मूळ गायक, गीतकार, संगीतकार, सोबत कोण, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा, चिमुकला रकाना. त्यात मी फक्त एक अक्षर लिहिते. 'पा' म्हणजे मी स्वतः पाहिलं आणि ते आत्ता माझ्याजवळ आहे. 'वा' म्हणजे छापलेलं वाचलं. 'ऐ' म्हणजे कोणीतरी सांगितलं. स्वतःच्या आठवणीलाही मी 'ऐ' च देते, कारण माझी आठवण म्हणजे मीच मला सांगितलेली गोष्ट. हा नियम केला तेव्हा आईला फार राग आला. "म्हणजे मी पाह्यलेलं ऐकीव?"

आणि खोडायचं नाही. जनरल रजिस्टरात चुकलेलं नाव कधी खोडत नाहीत, पांढरा रंग तर लावतच नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर लाल शाईत बरोबर लिहायचं, बाजूला तारीख आणि सही. वहीतही तसंच करा. कारण दोन वर्षांनी कळतं की पहिलंच बरोबर होतं.

रकाने आखले की लगेच गाणी शोधत सुटू नका. आधी खांब रोवा, म्हणजे ज्या तारखांबद्दल वाद नाही त्या लिहून घ्या. झी टीव्हीवर हिंदी 'सा रे ग म' सुरू झालं १९९५ साली, सोनू निगमच्या सूत्रसंचालनात. अल्फा मराठी वाहिनी आली १५ ऑगस्ट १९९९ ला, पुढे तीच झी मराठी झाली. त्याच वाहिनीवर २००८ च्या मध्यावर मराठी 'सारेगमप'चं लिटिल चॅम्प्स पर्व सुरू झालं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये संपलं. सूत्रसंचालन पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटी उरले पाच जण. आळंदीची कार्तिकी, लातूरचा रोहित राऊत, कोकणातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आर्या. पल्लवी जोशींनी मुलांना टोपणनावं दिली होती. मुग्धा मॉनिटर, प्रथमेश मोदक, रोहित रॉकस्टार आणि आर्या 'प्रिटी यंग गर्ल'. ही टोपणनावंही वहीत लिहा. लोकांना गाणं आठवत नाही पण टोपणनाव आठवतं, आणि त्या नावाला धरून पुढचं निघतं. आमच्या शेजारच्या काकूंना प्रथमेशचं नाव शेवटपर्यंत आठवलं नाही, "तो मोदक" म्हणूनच त्यांनी मला दोन भागांची माहिती दिली.

पुढचा मोठा खांब २०२१ चा. लिटिल चॅम्प्सचं नवं पर्व आलं आणि हेच पाच जण त्यात ज्युरी म्हणून बसले, सूत्रसंचालनाला मृण्मयी देशपांडे. आर्या तेव्हा सत्तावीस वर्षांची. ज्या कार्यक्रमात चौदाव्या वर्षी उभं राहून गुणांची वाट पाहिली, त्याच कार्यक्रमात बसून दुसऱ्या मुलांचं गाणं जोखायचं. 'कोणत्या नात्याने' या रकान्यात मी पहिल्यांदा 'स्पर्धक'च्या जागी 'ज्युरी' लिहिलं तेव्हा हात जरा थांबला. दाखल्यावर शेरा बदलताना असं कधी झालं नव्हतं.

खांब रोवले की घरच्यांच्या आठवणी गोळा करायच्या. इथे एक युक्ती सांगते, ती मला शाळेनेच शिकवली. खेड्यातून आलेल्या आईबापांना मुलाची जन्मतारीख विचारली तर ते सांगू शकत नसत, पण "पोळ्याच्या आधी का नंतर?" विचारलं की बरोबर सांगत. तसंच करा. "कोणत्या तारखेचा भाग होता?" असं विचारू नका. "तेव्हा घरात काय चाललं होतं?" असं विचारा. २००८ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, लक्ष्मीपूजन २८ तारखेला. आईला एक भाग आठवतो तो चकल्या तळत दारातून पाहिलेला, म्हणजे तो त्याच्या आसपासचा. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हाचे दिवस तर प्रत्येकाला आठवतात. त्याच्या आधीचं, नंतरचं असं विचारलं की आठवणी आपोआप दोन बाजूंना पडतात.

आणि नागपूरकरांसाठी सगळ्यात पक्की खूण म्हणजे कूलर. कूलर मार्चमध्ये निघतो आणि पाऊस बसला की झाकला जातो. आई एकदा म्हणाली, ते नाट्यगीत गायली तेव्हा कूलरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, मी बंद करायला लावला होता. पण ते पर्व तर पावसाळ्यात सुरू होऊन थंडीत संपलं. मग कूलर कुठून आला? एक तर तो नंतर कधीतरी दाखवलेला भाग असणार, नाही तर दुसराच कार्यक्रम. मी ती नोंद 'ऐ' करून उजव्या पानावर लिहिलं, "कूलर?" अजून तसंच आहे. वहीत असे प्रश्न राहू द्या, उगाच भरून काढू नका.

आता पेटीतल्या मालाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

२००८ मध्ये भाचा इंजिनिअरिंगला होता आणि आमच्याकडेच राहायचा. त्याच्या कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. केबलची वायर त्यात लावली की टीव्ही कॉम्प्युटरवर दिसायचा आणि साठवताही यायचा. शिवाय त्याच्या मित्राचा डीव्हीडी रेकॉर्डर होता, तो काही आठवडे आमच्याकडे राहिला. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे कितीतरी भाग मधेच तुटलेले. त्याने तेवीस डीव्ही‌डी भरल्या, नळकांड्यासारख्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या आणि पुण्याला नोकरीला निघून गेला. तो डबा मी ट्रंकेत ठेवला. ट्रंक कूलरच्या बाजूला. ही माझी चूक. आपण म्हणतो नागपूरच्या उन्हाने वस्तू खराब होतात. ऊन तर वाईट आहेच, पण कूलर लावलेली बंद खोली चार महिने दमट असते, आणि त्या दमटपणाने डिस्कच्या कडेला बुरशीची नक्षी चढते.

तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर लगेच प्लेयरमध्ये घालू नका. आधी उजेडाकडे तिरप्या धरून पाहा. पांढुरका थर असेल तर साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर ओरखडे गाण्याच्या दिशेनेच पडतात आणि मशीनला ते जास्त जड जातं. मग सावलीत वाळवा. डिस्कवर नाव लिहायचं असेल तर मऊ टोकाच्या मार्करने, बॉलपेनने कधीच नाही. वरची बाजू पक्की वाटते, पण डीव्हीडी-आर ही प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांची, मधे रंगाचा थर असलेली वस्तू आहे, पेनचा दाब तिला सोसत नाही.

माझ्या तेवीसपैकी सहा डिस्क धुऊन-पुसून स्वच्छ झाल्या तरी कुठल्याच मशीनला दिसेनात. "रिकामी डिस्क" असंच येई. मी हाय खाल्ली. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, मावशी, त्या मित्राच्या रेकॉर्डरवरच्या आहेत, मी फायनलाइज केल्या नव्हत्या. रेकॉर्डरवर भरलेली डिस्क शेवटी बंद करावी लागते, तिला म्हणतात फायनलाइज करणं. तसं केलं नाही तर ती ज्या मशीनवर भरली त्याच मशीनला वाचता येते. माल आत असतो, फक्त दाराला पाटी नसते. तोच रेकॉर्डर किंवा त्याच कंपनीचा मिळाला तर तिथे बंद करून घेता येतं, नाही तर कॉम्प्युटरवर खास प्रोग्रॅमने आतला माल उपसता येतो. भाच्याने सहापैकी चार अशा काढल्या. दोन गेल्या.

बाकीच्या सतरा मी हौसेने बर्डीवरच्या एका दुकानात दिल्या. नाव सांगत नाही, आता ते बंदच झालं आहे. "काकू, मस्त एचडी करून देतो." त्याने पेन ड्राइव्ह दिला, घरी लावला, तर सगळी मुलं जाडी. प्रथमेश तर ओळखूच येईना. तेव्हाचं चित्र चार-तीनच्या मापाचं, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आणि त्याने ते ओढून सोळा-नऊच्या लांबट पडद्यावर ताणलं. वर "एचडी" म्हणून एवढं दाबलं की चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं. मूळ डिस्क परत मिळाल्या म्हणून बरं. तेव्हा कोणाला काम देणार असाल तर दोनच गोष्टी ठासून सांगा. मूळ माप बदलू नका, आणि मूळ फाइल जशीच्या तशी द्या.

घरी करणं अवघड नाही. डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर दिसतो. तो अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवायचा, त्यातलं एकही अक्षर बदलायचं नाही. ही झाली मूळ प्रत. आतल्या फाइली एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यामुळे गाणं मधेच तुटल्यासारखं वाटतं, पण घाबरू नका, पुढच्या तुकड्यात असतं. मग त्यावरून मोबाइलवर पाहायला वेगळी, हलकी प्रत करायची. हलकी प्रत करताना हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. तो बिघाड नाही. जुनं टीव्हीचं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येत असे, त्याची ती खूण. प्रोग्रॅममध्ये "डीइंटरलेस" निवडलं की जातात. पण ते हलक्या प्रतीवरच करायचं, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. शाळेत मूळ टीसीवर कोणी दुरुस्ती केली असती तर मी त्याला ऑफिसात पाय ठेवू दिला नसता.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. "आर्या छान गाणं" अशा नावाच्या माझ्याकडे अकरा फाइली होत्या. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर त्या आपोआप क्रमाने लावतो. महिना किंवा दिवस माहीत नसेल तर त्या जागी दोन शून्यं टाका. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत वर्ध्याला बहिणीकडे आहे, तिच्या लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ती म्हणते, शालूपेक्षा तुझ्या डबीची जास्त काळजी घेऊन राहिली मी.

कोणाकडे दूरदर्शनच्या काळातल्या व्हिडिओ कॅसेट असतील तर एवढंच सांगते की झाकणाच्या खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्ये जगभरातच थांबलं, त्यामुळे चालू मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याशी गोड बोला.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, हे कायद्यात बसतं का? स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात सूट आहे. पण ते इंटरनेटवर चढवणं, सीडी करून वाटणं त्यात बसत नाही. प्रक्षेपणावर वाहिनीचा हक्क पंचवीस वर्षं असतो आणि गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क पन्नास. तेव्हा घरात पाहा, पाहुण्यांना चहासोबत दाखवा, चढवू नका. भिशीतल्या बायका मागतात, मी देत नाही. रुसतात, पुढच्या महिन्यात येतात.

उतरवून झालं की मग पाहायला बसा. हातात पेन, रिमोट दुसऱ्याच्या हातात. एका बैठकीत एकच भाग. मी सुरुवातीला फक्त गाणी पाहायची, मधलं पुढे ढकलायची, आणि तिथेच चुकायची. गाणं तर कुठेही सापडतं. टीव्हीवरची कारकीर्द गाण्यांच्या मधल्या जागेत असते. गाणं संपल्यावर परीक्षक काय म्हणाले, गुण किती. त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नव्हते, स्वरांत होते, 'ध', 'नी', आणि फारच झालं तर 'वरचा सा'. ते लिहा. त्या आठवड्याचा विषय काय होता, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर गायली, खालच्या पट्टीवर एसएमएस कुठे पाठवायचा ते दिसतं का, तेही लिहा. या पट्टीवरून मी तीन भागांचा क्रम लावला. स्पर्धकांची नावं पट्टीवरून कमी होत जातात, त्यामुळे ज्यात नावं जास्त तो भाग आधीचा.

मूळ गायक-गीतकारांचा रकाना भरताना पडद्यावर जे लिहून येतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. घाईत चुका होतात. जुन्या रेकॉर्डच्या पाकिटावर किंवा गीतसंग्रहात तपासा. इंटरनेटवरच्या क्लिपांची तर वेगळीच तऱ्हा. तिथली तारीख ही चढवल्याची तारीख असते, दाखवल्याची नाही. मी एका भागापुढे २०१४ लिहून बसले होते. वीस वर्षांची मुलगी चौदाची कशी दिसते, असं वय काढताना लक्षात आलं. जन्मतारीख आधी लिहा म्हणते ती यासाठी.

माझ्या सगळ्या साठ्यात चित्र नसलेली एकच नोंद आहे आणि ती मला सगळ्यात प्यारी. लाइट यायला उशीर झाला होता, कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागत होता, तर भाच्याने आपला मोबाइलच टीव्हीच्या स्पीकरला लावून धरला. तीन मिनिटं दहा सेकंद. आवाज असा की डबड्यातून येतोय. आलापाच्या मधे कुकरची शिट्टी होते, एक, दोन, मग आईचा आवाज, "अरे बंद करा ना तो गॅस!" मग चपला फटफटत कोणीतरी आत जातं, म्हणजे मीच. तेवढ्यात कडवं संपतं. टाळ्या. आणि टाळ्यांच्या वर, अगदी मोबाइलजवळ, आई हळूच म्हणते, "बाप्पा, कशी गाते माही बाई." नोंदीत मी 'पा' लिहू की 'ऐ', यावर दोन दिवस घालवले. शेवटी लिहिलं, "मोबाइल, घरातल्या आवाजासह."

आता राहिला निकाल. अंतिम फेरीची डिस्क माझ्याकडे आहे. सतरा नंबर. ती धुतली, उतरवली, आईला समोर बसवली, म्हटलं आज लागू दे सोक्षमोक्ष. एका डीव्हीडीत बऱ्यापैकी चित्र घेतलं तर दोन तासांच्या आसपास मावतात. कार्यक्रम त्याहून फार लांबला होता. पाचही जण गायले, पाहुणे बोलले, जाहिराती झाल्या, आणि निकालाच्या खूप आधीच चित्र थांबलं. डिस्क भरली होती. आई माझ्याकडे पाहत राहिली. "कुठं आहे तुझी कार्तिकी?"

दुसऱ्या आठवड्यात मी वाचनालयात गेले. जुने पेपर महिन्याच्या गठ्ठ्यात बांधलेले असतात, आधी चिठ्ठी लिहून द्यावी लागते, आणि सकाळी गेलेलं बरं, दुपारी फाइली काढणारे काका जेवायला जातात. पानं सुटी करायची नाहीत, बोटाला थुंकी लावायची नाही, फोटो काढायचा तर विचारून. फेब्रुवारी २००९ च्या गठ्ठ्यात बातमी मिळाली, कार्तिकीच्या फोटोसह. मी उतरवून घेतली, तारीख, पान, रकाना. घरी येऊन वहीत लाल शाईने नाही, साध्या निळ्याच शाईने लिहिलं, विजेती कार्तिकी गायकवाड, पुढे 'वा'.

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पेपरवाल्यांचं काय खरं असते? लिही तिकडच्या पानावर, माहं म्हणणं."

उजव्या पानावर लिहिलं आहे. "आईच्या मते आर्या." पुढे 'ऐ'. तिने सही करायला पेन मागितलं, आणि तारखेसह केली.